टक्का वाढला, पण दाणा भरला का?



किराणा दुकानातील खाऊचा कोणताही पुडा उचला. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘प्रथिनांनी समृद्ध’ असे छापलेले आढळेल आणि मागे बारीक अक्षरांत १०० ग्रॅममागे किती प्रथिने याचा आकडा असेल. बियाण्याच्या जाहिरातीत असाच एक लाडका शब्द असतो, ‘लवकर येणारे वाण’. जास्त प्रथिने आणि लवकर काढणी या दोन्ही गोष्टी कोणाला नको आहेत? घरच्यांना पहिली हवी, शेतकऱ्याला दुसरी हवी.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हे दोन्ही शब्द अर्धवट आहेत. ‘जास्त’ म्हटले की ‘कशाच्या मानाने?’ हे विचारले पाहिजे आणि ‘लवकर’ म्हटले की ‘कोणते दिवस वाचवून?’ हे विचारले पाहिजे. हे न विचारता एका आकड्यामागे धावल्याने मोठमोठ्या संस्थांचीही वाट चुकली आहे. साक्षीला मी एक जुने धान्य बोलावतो. ते म्हणजे सातू.

सातू म्हणजे जव, संस्कृतातील यव. नावाच्या साम्यामुळे पुष्कळ जण जवस आणि जव यांत गल्लत करतात, पण जवस म्हणजे अळशी. तिचा येथे संबंध नाही. सातू हा गव्हाचा भाऊबंद. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात तो लागवडीखाली आला. आपल्या देशात राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे तो रब्बीत घेतात, तर लडाख आणि स्पितीच्या उंच खोऱ्यांत उन्हाळ्यात. गव्हापेक्षा कमी पाण्यावर आणि खारवट जमिनीतही तो तग धरतो. शास्त्रज्ञांचा तर तो विशेष आवडता आहे. त्याला गुणसूत्रांच्या फक्त ७ जोड्या असतात आणि त्याचे परागण त्याच फुलात होते. त्यामुळे एखाद्या जनुकात बदल झाला तर त्याचा परिणाम पुढच्या पिढ्यांत स्वच्छ दिसतो.

दाणा कोणासाठी भरतो?

सातूचा दाणा उभा चिरला तर एका टोकाला छोटासा गर्भ दिसतो. बाकीचा बहुतेक भाग म्हणजे पुष्क, गर्भासाठी बांधून दिलेली शिदोरी. या शिदोरीत सर्वांत मोठा वाटा स्टार्चचा असतो. प्रथिने साधारणपणे दाण्याच्या वजनाच्या ८ ते १५ टक्के असतात. त्यांतील तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा भाग ‘होर्डीन’ या साठ्याच्या प्रथिनांचा असतो.

प्रथिने ॲमिनो आम्लांची बनलेली असतात हे तुम्ही शिकला आहात. त्यांतील काही आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसिन हे त्यांपैकी एक. होर्डीनमध्ये नेमके लायसिन फार थोडे असते. यात सातूचा दोष नाही. वनस्पती आपले लायसिन स्वतः तयार करते, त्यामुळे रोपट्याला आयत्या लायसिनची गरज नाही. त्याला हवा असतो नायट्रोजनचा दाट साठा आणि होर्डीन ते काम चोख करते. शिदोरी गर्भासाठी बांधलेली आहे, आपण मध्येच हात घालतो!

यातून एक मजेदार गोष्ट घडते. पिकाला नायट्रोजनचे खत भरपूर दिले की दाण्यातील प्रथिनांचा टक्का चढतो. पण चढतो तो मुख्यतः होर्डीन वाढल्यामुळे. म्हणजे प्रथिने वाढली, पण त्या प्रथिनांतील लायसिनचा वाटा घटला. टक्का वर गेला आणि प्रत खाली आली.

टक्का मोजतात कसा?

प्रथिनांचा टक्का पिढ्यान्पिढ्या ज्या पद्धतीने मोजला गेला ती डेन्मार्कच्या योहान केल्डाल याने १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती आणि केल्डालपुढचा प्रश्नही सातूचाच होता. त्याने नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर केले आणि ते मोजले. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे की झाले.

पद्धत सुंदर आहे. पण ती मोजते नायट्रोजन, प्रथिन नव्हे. हा नायट्रोजन होर्डीनमधला की लायसिनने भरलेल्या प्रथिनामधला हे तिला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये काही लबाड लोकांनी याचाच फायदा घेतला. पाणी घातलेल्या दुधात त्यांनी मेलॅमीन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले. तपासणीत ‘प्रथिने’ भरपूर दिसली आणि लाखो बाळे आजारी पडली. आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ चुकीचा होता.

साधा त्रैराशिकाचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका शेतात सातूचा दाणा चांगला टपोरा भरला. त्याचे वजन ४५ मिलिग्रॅम आणि प्रथिने १० टक्के. शेजारच्या शेतात पीक दाणा भरण्याच्या वेळी उन्हाच्या तडाख्यात सापडले आणि घाईने पिकले. तेथे दाणा ३३ मिलिग्रॅमचा, पण प्रथिने १३ टक्के. कोणता दाणा प्रथिनांनी समृद्ध?

पहिल्यात ४.५ मिलिग्रॅम प्रथिने आहेत, दुसऱ्यात ४.२९. टक्का तीनने वाढला, पण प्रथिने कमीच झाली! दोन्ही शेतांत दाण्यांची संख्या सारखी धरली आणि पहिल्याचे उत्पन्न हेक्टरी ३० क्विंटल मानले, तर दुसऱ्याचे २२ क्विंटल येते. पहिल्या शेताने ३ क्विंटल प्रथिने दिली, दुसऱ्याने २.८६. शिवाय आठ क्विंटल धान्य कमी. हे आकडे हिशेबासाठी मी घेतले आहेत, पण शेतात असे खरोखर घडते. उष्ण वारा सुटला किंवा पाणी तुटले की स्टार्च भरण्याचे काम जितके मंदावते तितके प्रथिने साठण्याचे मंदावत नाही. दाणा चिमतो आणि त्याच प्रथिनांचा टक्का मोठा दिसू लागतो. छेद लहान झाला की अपूर्णांक वाढतो, हे तर तुम्ही पाचवीतच शिकलात.

आणि टक्का वाढला की सर्वांनाच आनंद होतो असेही नाही. सातूचे माल्ट करणाऱ्या कारखानदाराला स्टार्च हवे असते, म्हणून तो जास्त प्रथिनांचा माल नाकारतो. गुरांना सातू चारणारा तोच माल आनंदाने घेईल. एकच आकडा एकाला गुण, दुसऱ्याला अवगुण.

‘लवकर’ म्हणजे कोणते दिवस?

कोकणातल्या मुलांना हळवे आणि गरवे भात सांगायला नको. पाणी लवकर ओसरणाऱ्या वरच्या जमिनीत हळवे भात लावतात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खोल जमिनीत गरवे. गरवे जास्त पिकते म्हणून कोणी ते वरकस जमिनीत लावीत नाही. ‘लवकर’ हा गुण जमिनीशी आणि हंगामाशी बांधलेला आहे, हे आपल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

पिकाच्या आयुष्याचे दोन भाग करा. पेरणीपासून ओंब्या निसवेपर्यंतचा पहिला आणि निसवल्यापासून दाणा पिकेपर्यंतचा दुसरा. पहिला भाग आखडला तर फुटवे आणि पाने कमी होतात, म्हणजे ओंब्या आणि दाणे कमी. दुसरा भाग आखडला तर दाणे तितकेच, पण ते पुरते भरत नाहीत. दोन्ही पिके ‘लवकर’च आली, पण दोघांनी गमावले ते निरनिराळे.

पहिल्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वीडनचे ‘मारी’ हे वाण. ‘बोनस’ या सातूच्या बियांवर क्ष-किरण सोडून झालेल्या उत्परिवर्तनातून ते मिळाले आणि १९६१ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. कृत्रिम उत्परिवर्तनाने लवकर येणारे असे सातूचे हे जगातील पहिले व्यापारी वाण. साधा सातू दिवस लांबण्याची वाट पाहतो आणि मगच फुलोऱ्याला येतो. मारी ती वाट पाहत नाही. असे का, हे पन्नास वर्षांनी, २०१२ साली उलगडले. वनस्पतीच्या अंगात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. ते नीट चालवणाऱ्या एका जनुकात मारीमध्ये बिघाड झालेला आहे. या शोधासाठी शास्त्रज्ञांनी जतन करून ठेवलेले ८७ उत्परिवर्ती वाणांचे जुने बियाणे तपासले आणि त्याच जनुकातील वीसहून अधिक वेगवेगळे बिघाड शोधून काढले.

बिघडलेल्या घड्याळाचा उपयोग काय? जेथे हंगामच तोकडा आहे तेथे फार मोठा. मारीमुळे आणि तिच्या वंशजांमुळे सातूची लागवड पूर्वी जमत नव्हती अशा प्रदेशांत पोचली. पण जेथे ऋतू लांब आहे आणि पाणी मुबलक आहे तेथे वाट न पाहणारे पीक वाढीचे दिवस फुकट घालवते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची गत होते.

दोन्ही गुण एकाच धाग्यात

प्रथिने आणि लवकर पिकणे हे दोन विषय मी एकत्र का आणले, असे तुम्ही विचाराल. कारण वनस्पतीच्या अंगात ते खरोखरच एकत्र बांधलेले आहेत.

दाण्यात जाणारा बराचसा नायट्रोजन येतो पानांतून. हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषणासाठी प्रथिनांचा मोठा साठा असतो. पीक पिकू लागले की पान हे कारखान्याचे सामान मोडते, त्याची ॲमिनो आम्ले करते आणि दाण्याकडे पाठवते. म्हणूनच पान पिवळे पडते. पान लवकर मोडले तर दाण्याला नायट्रोजन लवकर आणि भरपूर मिळतो, पण स्टार्च बनवणारा कारखानाही लवकर बंद होतो.

२००६ साली रानटी गव्हातील असे एक जनुक सापडले. ते पाने लवकर पिकवते आणि दाण्यातील प्रथिने, जस्त व लोह वाढवते. आपल्या बहुतेक लागवडीच्या गव्हांत हे जनुक निकामी झालेले आहे. शास्त्रज्ञांनी या जनुकाचे आणि त्याच्या भाऊबंद जनुकांचे काम मुद्दाम मंदावले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली आणि दाण्यातील प्रथिने ३० टक्क्यांहून अधिक घटली!

सातूतही याच जनुकाचा भाऊबंद सहाव्या गुणसूत्रावर आहे. अमेरिकेत ‘कार्ल’ नावाचे कमी प्रथिनांचे सातूचे वाण आहे. त्यात दुसऱ्या वाणातील या गुणसूत्राचा खंड संकराने आणला, तेव्हा दाण्यातील प्रथिने वाढली, पाने लवकर पिकली आणि फुलोराही लवकर आला. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका धाग्याला हात लावला आणि तीन टोके हलली. निसर्ग आवळा घेऊन कोहळा देत नाही.

लायसिनचा शोध आणि ताटातला प्रश्न

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याचा इशारा दिला. त्या काळात अधिक लायसिनचे धान्य शोधण्याची मोठी मोहीम चालू होती. स्वीडनमध्ये मंक, कार्लसन आणि हागबर्ग यांनी जगभरातून जमवलेल्या सातूच्या सुमारे अडीच हजार नमुन्यांची तपासणी केली. त्यांनी दोन मोजमापे शेजारी शेजारी ठेवली. एक केल्डालच्या पद्धतीचे, दुसरे लायसिनसारख्या ॲमिनो आम्लांना चिकटणाऱ्या रंगाचे. दोन्ही आकड्यांचा नेहमीचा मेळ जेथे बसेना, तेथे काहीतरी वेगळे होते. अशा रीतीने इथिओपियाचा ‘हायप्रोली’ हा सातू १९७० साली जगापुढे आला. नुसता टक्का पाहिला असता तर तो त्यांच्या हातून निसटला असता.

पाठोपाठ डेन्मार्कमध्ये रसायनाच्या साहाय्याने ‘रीसो १५०८’ हा उत्परिवर्ती सातू मिळाला. त्यातील प्रथिनांत लायसिन नेहमीपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक होते, कारण त्यात होर्डीनच कमी तयार होत असे. पण दाणे सुरकुतलेले आणि उत्पन्न कमी. पुढे कळले की, होर्डीनची जनुके चालू करणारे नियामक जनुकच येथे बिघडले आहे. ते दाणा भरण्याच्या इतर कामांतही लक्ष घालते. अनेक वर्षांच्या खटपटीनंतरही अशा सातूची व्यापक लागवड झाली नाही.

तिकडे ताटातला प्रश्न वेगळाच निघाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आहाराचे आकडे तपासून त्यांनी सांगितले की, गरिबांच्या आहारातील खरी तूट आधी उष्मांकांची आहे, म्हणजे पोटभर अन्नाचीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांचेही म्हणणे याच दिशेचे होते. बालकाच्या ताटात भाकरीच कमी असेल तर तिच्यातले प्रथिनही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. तेथे वरचे प्रथिन वाढवणे म्हणजे चूल पेटवायला लाकूड नाही म्हणून पाट जाळण्यासारखे आहे. १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मॅक्लारेन यांनी या सगळ्या धावपळीवर कडक टीका केली.

याचा अर्थ प्रथिनांची प्रत बिनमहत्त्वाची आहे असा नाही. लायसिन लागतेच. पण ते एकाच दाण्यातून मिळवले पाहिजे असे कोठे आहे? आपल्याकडे अनेक घरांत ‘सातूचे पीठ’ म्हणून जे करतात त्यात गहू आणि डाळे असतात. धान्यातील लायसिनची उणीव हरभरा भरून काढतो आणि हरभऱ्यातील गंधकयुक्त ॲमिनो आम्लांची उणीव धान्य भरून काढते. वरणभातातही हेच घडते.

मग आकडे टाकून द्यायचे काय?

कोणी म्हणेल, ‘असे दहा प्रश्न विचारत बसलो तर नवे वाण निघणार कधी? संशोधकाला एखादा आकडा धरूनच चालावे लागते.’ हे खरे आहे. आकड्याशिवाय विज्ञान नाही. माझा आक्षेप एकट्या आकड्याला आहे. मक्याचे उदाहरण पाहा. १९६४ साली मक्यात अधिक लायसिन देणाऱ्या जनुकाचा गुण लक्षात आला. पण त्याचाही दाणा मऊ आणि किडीला बळी पडणारा होता. सुरिंदर वसल आणि इव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी मेक्सिकोतील संशोधन केंद्रात वर्षानुवर्षे लायसिन, दाण्याचा टणकपणा आणि उत्पन्न यांवर एकाच वेळी नजर ठेवून निवड केली. तो मका शेतात टिकला आणि दोघांना २००० सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. अनेक आकडे एकत्र धरले म्हणजे काम संथ होते, पण फुकट जात नाही.

म्हणून माझे सांगणे असे. ‘जास्त प्रथिने’ वाचले की तीन प्रश्न विचारा. टक्का कशाचा आणि एकूण प्रथिने किती? ती कोणत्या ॲमिनो आम्लांची? आणि ती मिळवताना कशात घट आली? ‘लवकर येणारे’ वाचले की विचारा, कोणते दिवस वाचले आणि ते कोणाच्या शेताला हवे आहेत? लडाखच्या शेतकऱ्याला थंडीच्या आत सातू घरी आणायचा असतो, त्याला मारीसारखा गुण सोन्याच्या मोलाचा. भरपूर पाण्याच्या शेताला तोच तोट्याचा ठरेल.

हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळेची गरज नाही. दुकानातून दोन निरनिराळ्या प्रतींचे गहू आणा. प्रत्येकाचे १०० दाणे मोजून शाळेच्या तराजूवर तोला. टपोऱ्या आणि चिमलेल्या दाण्यांत वजनाचा फरक किती पडतो ते वहीत लिहा. मग बारीक दाण्यात प्रथिनांचा टक्का किती असला म्हणजे तो टपोऱ्याची बरोबरी करील, हे त्रैराशिकाने काढा. उत्तर पाहून तुम्हाला नवल वाटेल. त्यानंतर पुड्यावरचे ठळक अक्षर वाचण्याआधी तुमची नजर आपोआप मागच्या बारीक आकड्यांकडे जाईल. ही सवय लागली तर उद्या तुमच्यापैकी जो शेतकरी होईल तो बियाणे पारखून घेईल, जो संशोधक होईल तो भरलेला दाणा आणि भरलेले ताट दोन्ही नजरेसमोर ठेवील.